यंत्राला घर सांगावे लागते

होम थिएटर घरी आणणाऱ्या माणसाची साधारण अशी समजूत असते की, तारा जोडल्या आणि बटण दाबले की घराचे चित्रपटगृह झाले. ही समजूत खरी नाही. कारखान्यातून बाहेर पडलेल्या रिसीव्हरला आपली खोली केवढी आहे, स्पीकर किती आहेत, ते कोठे टांगले आहेत आणि ऐकणारा माणूस कोठे बसतो, यातले काहीच ठाऊक नसते. ते आपण त्याला सांगावे लागते. या सांगण्यालाच 'सिस्टिम सेटिंग' म्हणतात. मी कला शाखेची विद्यार्थिनी. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध दहावीबरोबर संपला. तरीही हा विषय निवडला, कारण तो वाटतो तितका अवघड नाही, आणि तो न कळल्यामुळे घरातल्या एखाद्या माणसाच्या वाट्याला नुसता गोंगाट येऊ शकतो.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. १९७५ साली 'शोले' ७० मिलिमीटरच्या पडद्यावर स्टीरिओफोनिक ध्वनीसह आला, तेव्हा ध्वनीला दिशा असते हे आपल्याकडच्या पुष्कळ प्रेक्षकांनी प्रथमच अनुभवले. १९९२ साली 'बॅटमन रिटर्न्स' या अमेरिकन चित्रपटाबरोबर डॉल्बी डिजिटल पद्धत चित्रपटगृहांत आली आणि पुढे डीव्हीडीच्या तबकडीतून ती घरात पोचली. '५.१' म्हणतात ती हीच. यात ध्वनीच्या पाच पूर्ण वाटा असतात : पुढे डावी, उजवी आणि मधली, शिवाय मागच्या बाजूच्या दोन. '.१' ही सहावी वाट फक्त खर्जाची, म्हणजे सुमारे १२० हर्ट्झच्या खालच्या घुमाऱ्याची. ती सबवूफरकडे जाते. आलेला ध्वनी उलगडून ज्याच्या त्याच्या वाटेला लावणे आणि त्याला ताकद देणे, हे रिसीव्हरचे काम.

आता वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चित्रपटातले बहुतेक सगळे संवाद मधल्या स्पीकरच्या वाटेने येतात. पात्र पडद्यावर बोलते, तेव्हा शब्दही पडद्यातूनच यावेत, असा त्यामागचा हेतू. दूरदर्शनसंचावरच्या मालिकांचा ध्वनी पुष्कळदा दोनच वाटांचा असतो. पण रिसीव्हरची 'सराउंड' पद्धत चालू असली, तर डाव्या-उजव्या दोन्हींत सारखा असलेला भाग तो मधल्या स्पीकरकडे वळवतो. संवाद हा नेमका तोच भाग असतो.

आमच्या घरी याचा फार चांगला पडताळा आला. आमचे दादा गवंडीकाम करतात. एका बंगल्याची दुरुस्ती चालू असताना मालकांनी त्यांना जुना रिसीव्हर, चार लहान स्पीकर आणि सबवूफर असा संच देऊन टाकला. मधला स्पीकर त्यात नव्हता. बारा बाय दहाच्या आमच्या खोलीत तो संच वाजू लागला तेव्हा शेजारपाजारचे सगळे ऐकायला जमले. तक्रार फक्त आजीची होती. "गाणं ऐकू येतंय गं, पण माणसं काय बोलत्यात ते कळंना," असे ती म्हणे. आजीचे वय अठ्ठ्याहत्तर. तेव्हा दोष तिच्या कानांचा, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. पुढे पुढे तिने विचारणेही सोडले. आम्ही हसलो की तीही हसे.

रिसीव्हरचा मेनू इंग्रजीत, आणि घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच. म्हणून काम माझ्याकडे आले. 'स्पीकर सेटअप' या सदरात 'सेंटर' शब्दापुढे 'स्मॉल' असे लिहिलेले होते. म्हणजे मधला एक लहान स्पीकर जोडलेला आहे, अशी रिसीव्हरची समजूत होती. तो इमानेइतबारे सगळे संवाद त्या नसलेल्या स्पीकरकडे पाठवीत होता! तेथे 'नन', म्हणजे 'नाही', अशी नोंद केली की संवाद डाव्या आणि उजव्या स्पीकरमध्ये सारखे वाटले जातात, आणि ऐकणाऱ्याला ते मधूनच आल्यासारखे वाटतात. तशी नोंद केली, आणि त्या रात्री आजीने मालिकेतल्या सासूला मोठ्याने नावे ठेवली. दोष कानांचा थोडा होता आणि त्या एका नोंदीचा फार.

'स्मॉल' आणि 'लार्ज' हे शब्द फसवे आहेत. त्यांचा संबंध स्पीकरच्या उंची-रुंदीशी नसून खर्ज पेलण्याच्या ताकदीशी आहे. 'स्मॉल' म्हटले की ठरावीक मर्यादेखालचा खर्ज त्या स्पीकरला न देता सबवूफरला दिला जातो. या मर्यादेला 'क्रॉसओव्हर' म्हणतात. ८० हर्ट्झ ही सर्वसाधारण शिफारस आहे. अगदी लहान स्पीकरांसाठी १०० किंवा १२० ठेवावी. दादांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे बारक्या तुळईवर स्लॅबचा भार टाकायचा नाही, तो खांबावर घ्यायचा." याहून सोपे स्पष्टीकरण मला कोठे मिळाले नाही.

त्यानंतर अंतरे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एक फूट जायला त्याला साधारण ०.९ मिलिसेकंद लागतात. दादांनी आपला टेप काढून आजीच्या खाटेपासून मापे घेतली : पुढचे स्पीकर ९ फूट, मागचे ४ फूट. फरक ५ फुटांचा, म्हणजे मागचा ध्वनी सुमारे साडेचार मिलिसेकंद आधी पोचणार. 'डिस्टन्स' या सदरात ही मापे भरली की जवळच्या स्पीकरचा ध्वनी रिसीव्हर तेवढा वेळ रोखून धरतो आणि सगळे ध्वनी एकदमच कानी येतात. मापे भिंतीपासून घेऊ नयेत. ऐकणारा जेथे बसतो तेथे त्याच्या डोक्यापासून घ्यावीत. काही रिसीव्हरांबरोबर एक लहान मायक्रोफोन मिळतो, आणि तो बसण्याच्या जागी ठेवला की यंत्र स्वतःच मापे घेते. यामाहा या सोयीला 'वायपाओ' म्हणते, तर पायोनिअर 'एमसीएसीसी'. मायक्रोफोन नसला तरी टेपने अडत नाही.

तिसरी बाब पातळीची. 'लेव्हल' सदरात 'टेस्ट टोन' लावला की पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा एक सरसर आवाज पाळीपाळीने प्रत्येक स्पीकरमधून येतो. बसण्याच्या जागेवरून तो सगळीकडून सारखाच ऐकू आला पाहिजे. जवळचा स्पीकर साहजिकच मोठा वाटतो. त्याची पातळी दोन-तीन डेसिबलने उतरवावी. ज्यांच्याकडे मधला स्पीकर आहे आणि घरात वृद्ध माणसे आहेत, त्यांनी मधल्याची पातळी दोन-तीन डेसिबलने चढवून पाहावी. वयोमानाने ऐकू कमी येऊ लागते ते बहुधा आधी वरच्या पट्टीतले, आणि स, श, फ यांसारखी व्यंजने त्याच पट्टीत असतात. म्हणून आवाज ऐकू येतो, पण शब्द लागत नाही. अशा वेळी नुसता आवाज वाढवून खर्जच अधिक घुमतो. सबवूफर थोडा उतरवणे आणि 'ट्रेबल' किंचित चढवणे अधिक उपयोगी पडते. अर्थात सेटिंगने कान बरे होत नाहीत. तपासणीला पर्याय नाही. आजीची तपासणीही आम्ही पुढे करून घेतली.

रात्रीसाठी 'डायनॅमिक रेंज' किंवा 'नाइट मोड' नावाची सोय असते. कुजबुज आणि स्फोट यांतले अंतर ती कमी करते. हळू आवाज वर येतो, मोठा खाली बसतो. डॉल्बी पद्धतीच्या ध्वनीवर तिचा चांगला उपयोग होतो. आमच्यासारख्या सामाईक भिंतींच्या घरांत ही सोय शेजारधर्मासाठीच आहे असे म्हणावे लागेल. सबवूफरचा खर्ज भिंतीने अडत नाही, आणि पलीकडे कोणाची तरी बारावीची परीक्षा असतेच! तसेच 'मॅक्सिमम व्हॉल्यूम' या सदरात आवाजाची कमाल मर्यादा बांधून घालता येते. घरात धाकटे भाऊ असल्यास हे काम आधी करावे.

कधी कधी ओठ हलण्याआधीच शब्द ऐकू येतो. चित्र तयार करायला दूरदर्शनसंचाला थोडा वेळ लागतो आणि ध्वनी पुढे निघून जातो. 'लिप सिंक' अथवा 'ऑडिओ डिले' येथे ध्वनीला तेवढे मिलिसेकंद थांबवले की दोघांची गाठ पडते. तारांना हात लावण्यापूर्वी मात्र प्लग काढून ठेवावा, लाल तार लाल जागी व काळी काळ्या जागी लावावी, आणि उघड्या तारा एकमेकींना टेकू देऊ नयेत.

शेवटची सूचना अशी की, सगळे मनासारखे जमले की प्रत्येक आकडा कागदावर उतरवून ठेवावा. रिसीव्हर 'रीसेट' झाला की तो सगळे विसरून जातो. आमचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. मेनूतला प्रत्येक इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून त्यापुढे त्याचा मराठी अर्थ आणि आमचा आकडा, अशा तीन रकान्यांत मी तो लिहिला. गेल्या महिन्यात मी परीक्षेसाठी वसतिगृहात असताना रिसीव्हर रीसेट झाला. चौथीपर्यंत शिकलेल्या आमच्या आईने कागद समोर धरून, पडद्यावरच्या ओळी मोजत मोजत, सगळी सेटिंगे पुन्हा भरली. मला तिने फोन केला तो काम झाल्यावर, आणि तोही जेवणाची चौकशी करायला.