विधीतील रात्र आणि श्रोत्याची रात्र : प्रबोधनकालीन व बरोक संगीताच्या आस्वादाविषयी

प्रबोधनकालीन आणि बरोक युरोपीय संगीत आज भारतात प्रामुख्याने ध्वनिमुद्रणांतून ऐकले जाते, आणि ते रात्री उशिरा, एकांतात ऐकण्याची प्रथा अनेक रसिकांमध्ये आढळते. आवाजाची मर्यादित पातळी, संथ लय आणि गायनातील संयम यांमुळे हे संगीत मुळातच ‘रात्रीचे’ आहे, असा समज सहज होतो. हिंदुस्थानी संगीताच्या संस्कारात वाढलेल्या श्रोत्याच्या बाबतीत या समजाला आणखी एक आधार मिळतो, तो म्हणजे राग आणि प्रहर यांच्या संबंधाचा. मालकंस किंवा दरबारी कानडा रात्रीचा, तसे हे संगीतही रात्रीचे, अशी तुलना नकळत केली जाते. ही तुलना कितपत टिकते, आणि टिकत नसेल तर तौलनिक साहित्याभ्यासाला त्यातून काय मिळते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. हिंदुस्थानी परंपरेत प्रहराचा संकेत रागाला, म्हणजे स्वररचनेला जोडलेला असतो. बंदिशीचे शब्द कोणतेही असले तरी तो संकेत ढळत नाही. कर्नाटक परंपरेत तर प्रत्यक्ष मैफलीत हा संकेत बराच शिथिल आहे. म्हणजे ‘भारतीय संगीतातील वेळ’ ही कल्पनाही एकजिनसी नाही. युरोपात चर्चमधील स्वरप्रणालींना प्रबोधनकालीन शास्त्रकारांनी भावगुण दिले. झार्लिनोच्या 1558 मधील ग्रंथात अशी चर्चा विस्ताराने आहे. मात्र या प्रणाली दिवसाच्या प्रहरांना बांधल्या गेल्या नाहीत. या संगीतात रात्र असेल, तर ती स्वरांत नव्हे; ती अन्यत्र, म्हणजे विधीत, संहितेत आणि आस्वादाच्या इतिहासात शोधावी लागते.

विधीतील रात्रीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘टेनेब्रे’, अर्थात अंधाराचा विधी. ईस्टरपूर्व पवित्र सप्ताहातील गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार या तीन दिवसांच्या रात्रोपासना व प्रातःउपासना यांचे हे एकत्रित रूप. त्रिकोणी दीपमाळेवर सामान्यतः पंधरा मेणबत्त्या लावल्या जात. नऊ आणि पाच अशा चौदा स्तोत्रगायनांनंतर एकेक मेणबत्ती विझवली जाई. पंधरावी न विझवता वेदीमागे लपवली जाई, आणि अखेरीस काही आघातध्वनी होऊन ती पुन्हा बाहेर आणली जाई. रात्रोपासनेत रोज नऊ पाठ असत व प्रत्येक पाठानंतर एक प्रतिगीत. पहिले तीन पाठ बायबलमधील ‘विलापगीत’ या ग्रंथातून घेतलेले असत. म्हणजे तीन दिवसांत विलापगीताचे नऊ पाठ आणि सत्तावीस प्रतिगीते असा या विधीचा संगीतविस्तार होता.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ही उपासना मूळची रात्रीची असली, तरी कालांतराने ती आदल्या दिवशीच्या दुपारी किंवा संध्याकाळी उरकण्याची पद्धत रूढ झाली. म्हणूनच गुरुवारचे पाठ ‘बुधवारचे’ या नावाने छापलेले आढळतात. पुष्कळदा बाहेर उजेड असतानाच आत अंधाराचा विधी चाले. रात्र ही तेथे कालमापनाची बाब नव्हती. एकेक ज्योत विझवून ती निर्माण केली जात होती. पोप पायस बारावे यांनी 1955 मध्ये पवित्र सप्ताहाच्या विधींची फेररचना केली, तेव्हा आदल्या दिवशी उपासना करण्याची ही जुनी व्यवस्था मोडीत निघाली.

या विधीसाठी झालेल्या रचनांचा पट मोठा आहे. स्पेनच्या व्हिक्टोरियाने 1585 मध्ये रोम येथे पवित्र सप्ताहाच्या संगीताचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात विलापगीताचे नऊही पाठ आणि अठरा प्रतिगीते आहेत. जेसुआल्दोची सहा आवाजांसाठीची प्रतिगीते 1611 मध्ये छापली गेली. धर्मनिरपेक्ष माद्रिगालमधील धारदार स्वरविसंवाद त्याने उपासनेच्या शब्दांत आणला. फ्रान्समध्ये या परंपरेने एकल स्वराचा मार्ग घेतला. फ्रांस्वा कूपराँने अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रसिद्ध केलेल्या बुधवारच्या तीन पाठांपैकी पहिले दोन एका आवाजासाठी आणि तिसरा दोन आवाजांसाठी आहे. साथीला फक्त मंद्र स्वरांचा आधार. सोळाव्या शतकातील समूहाचा विलाप येथे एका व्यक्तीच्या कंठात येऊन ठेपतो. बरोक काळातील हे स्थित्यंतर साहित्याच्या अभ्यासकालाही परिचित वाटेल.

साहित्यदृष्ट्या अधिक महत्त्वाची आहे ती संहितेची घडण. विलापगीताच्या पाच अध्यायांपैकी पहिले चार हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचलेले आहेत. बावीस वर्ण, म्हणून बावीस कडवी. तिसऱ्या अध्यायात प्रत्येक वर्णाला तीन, म्हणून सहासष्ट ओळी. लॅटिन भाषांतरात हा वर्णक्रम साधणे अशक्य होते. तेव्हा भाषांतरकाराने कडव्याच्या आरंभी हिब्रू अक्षराचे नाव तसेच ठेवले : आलेफ, बेथ, गिमेल. उपासनेत ही नावेही गायली गेली. संगीतकारांनी तर आपली सर्वांत विस्तृत, अलंकृत स्वरवाक्ये या अर्थहीन नावांवरच उभारली. कूपराँच्या पाठांत शोकाचे शब्द जवळजवळ बोलल्यासारखे येतात आणि अक्षरांची नावे मात्र दीर्घ आलापांसारखी उलगडतात. जे भाषांतरात मरण पावले, त्याचीच समाधी संगीताने सजवली, असे म्हणता येईल. भाषांतरात काय हरवते याची चर्चा नेहमी होते. हरवलेल्याची खूण जपून तिच्यावर नवी निर्मिती होण्याचे असे उदाहरण विरळाच.

भारतीय भाषांतील अभ्यासकाला येथे ओडिया व बंगालीतील चौतिशा, हिंदीतील ककहरा, गुजरातीतील कक्को या वर्णक्रमबद्ध प्रकारांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. ही तुलना रागसमयाच्या तुलनेपेक्षा अधिक भक्कम पायावर उभी आहे. कारण दोन्हीकडे रचनेचे तत्त्व एकच आहे. वर्णमाला संपेपर्यंत बोलत राहणे म्हणजे भाषेच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत विषय व्यापणे.

विलापाचा विषय असलेले उद्ध्वस्त यरुशलेम केवळ प्राचीन नगर राहिले नाही. इंग्लंडमध्ये कॅथलिक उपासनेवर बंदी असताना विल्यम बर्ड या कॅथलिक संगीतकाराने 1589 च्या संग्रहात यशयाच्या ग्रंथातील ओस पडलेल्या यरुशलेमचे शब्द संगीतबद्ध केले. त्याच्या सहधर्मीयांना त्यात स्वतःची स्थिती ऐकू येणे अपरिहार्य होते. बर्डचाच समकालीन, देशबांधव व सहधर्मीय थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आला आणि त्याचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. एकाने मायदेशी राहून निषिद्ध ठरलेली लॅटिन जपली, दुसऱ्याने परदेशी ओवी आत्मसात केली. गोव्यातील चर्चमध्ये ईस्टरपूर्व उपवासकाळात लॅटिन व कोकणी मोतेत गायिले जातात, हे ध्यानात घेतले, तर हा संगीतव्यवहार मराठी-कोकणी प्रदेशाला सर्वस्वी परका नव्हता, हेही स्पष्ट होते. मात्र गोव्यात बर्डच्या अनुभवाची बाजू उलटलेली होती : मायदेशी दडपल्या गेलेल्यांचा धर्म येथे सत्तेच्या आश्रयाने आला होता. साम्य नोंदवताना हा विपर्यास वगळता येत नाही.

रात्रीचा दुसरा प्रकार खासगी विषादाचा आहे. जॉन डाउलंडचा ‘लॅक्रिमी’ हा संग्रह 1604 मध्ये आला. त्यातील सात पव्हानांचा आरंभ अश्रूसारख्या उतरत जाणाऱ्या चार स्वरांनी होतो. 1610 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन डार्कनेस लेट मी ड्वेल’ या त्याच्या गीतात अंधार हे निवासस्थान होते. शेवटी आरंभीचेच शब्द परततात आणि गीत तेथेच थांबते. काळ्या पित्तातून उपजणारा विषाद ही त्या काळातील वैद्यकीय व साहित्यिक संकल्पना होती. ल्यूटचा नाजूक आवाज लहान दालनापलीकडे जात नाही. येथे रात्र विधीची नाही, वृत्तीची आहे.

तिसरी रात्र दंतकथेची. बाखचे ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ निद्रानाशाने त्रस्त काउंट कायसरलिंगसाठी रचले गेले, ही कथा फोर्केलने 1802 मधील बाखचरित्रात प्रथम सांगितली. परंतु 1741 च्या सुमारास छापलेल्या मूळ प्रतीवर काउंटला अर्पण केल्याचा उल्लेख नाही. रसिकांच्या मनोरंजनासाठी, एवढेच तेथे म्हटले आहे. ज्याने रात्री वादन केले असे सांगतात, तो गोल्डबर्ग 1727 मध्ये जन्मला. म्हणजे तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा होता. शिवाय फोर्केलच्या कथेतही हे संगीत झोप आणण्यासाठी नाही, जागत्या रात्रीत मन उल्हसित ठेवण्यासाठी आहे. कथेची ऐतिहासिकता संशयास्पद असली, तरी तिची लोकप्रियता अर्थपूर्ण आहे. अंथरुणावर जागा असलेला एकटा श्रोता आणि शेजारच्या खोलीतून येणारे, न दिसणारे वादन, हे चित्र ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्या आजच्या श्रोत्याचेच पूर्वचित्र आहे.

या तीन रात्री एकमेकींत मिसळल्या, की आस्वाद सुखद होतो, पण समज उणावते. ध्वनिमुद्रणात मेणबत्त्या नसतात, प्रतिगीतांमधील पाठ वगळलेले असतात, आणि संहितेकडे लक्ष न दिल्यास आलेफ व यरुशलेम यांत भेद उरत नाही. याचा अर्थ रात्री ऐकणे चूक आहे असा नव्हे. श्रोता विधीतील रात्रीऐवजी स्वतःची रात्र या संगीताला देतो, आणि तीही आस्वादाच्या इतिहासाचा भाग आहे. तौलनिक अभ्यासकाचे काम इतकेच, की आपण दिलेली रात्र कोणती आणि संहितेत आधीपासून असलेली कोणती, हे त्याने वेगळे ओळखावे. सादृश्य जाणवले म्हणून तुलना सिद्ध होत नाही. ते सादृश्य स्वरात आहे, संहितेत आहे, विधीत आहे की ऐकणाऱ्याच्या सवयीत, हे ठरल्यानंतरच तिला आरंभ होतो.