प्लंबर घडतो कुठे?

2003 च्या मार्चमध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची साथ शिरली आणि 300हून अधिक रहिवासी आजारी पडले. तपास करणाऱ्यांची नजर अखेर बाथरूमच्या जाळीखाली पोहोचली. तिथल्या ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम साठून राहावं लागतं, कारण तेच गटारातली हवा वर येऊ देत नाही. बऱ्याच घरांत ते पाणी सुकलं होतं. पंखा लावला की सांडपाण्याच्या उभ्या पाइपातली दूषित हवा घरात ओढली जात असावी, असा निष्कर्ष निघाला.

आपल्याकडे हाच ‘नहाणी ट्रॅप’ बसवणारा माणूस बहुधा कुठल्याच वर्गात बसलेला नसतो. तो शिकतो काका-मामाच्या हाताखाली. ओडिशातला केंद्रपाडा जिल्हा तर प्लंबरांचा जिल्हा म्हणूनच ओळखला जातो. पट्टामुंडई परिसरातली माणसं कोलकात्यात हे काम शिकली. फाळणीनंतर तिथले अनेक मुस्लिम कारागीर निघून गेले आणि त्यांची जागा या तरुणांनी घेतली, असं सांगतात. पुढे एकाने दुसऱ्याला बोलावून घेतलं आणि ही मंडळी दिल्ली, सुरत, मुंबईपासून थेट आखातापर्यंत पोहोचली. त्याच पट्टामुंडईत ओडिशा सरकारने प्लंबिंगची स्वतंत्र संस्था काढली आहे. पिढ्यान् पिढ्या हात बसलेल्या गावालाही वर्गाची गरज पडावी, यातच बरंच काही आलं.

आटे पाडणं, सॉकेट बसवणं, गळती काढणं हे हेल्पर बघून बघून शिकतो. का करायचं, ते मात्र मिस्त्रीलाही नेहमी सांगता येत नाही. वरच्या मजल्यावर फ्लश झाला की उभ्या पाइपात ओढ निर्माण होते आणि खालच्या ट्रॅपमधलं पाणी खेचलं जाऊ शकतं. गच्चीपर्यंत नेलेला व्हेंट पाइप त्यासाठीच असतो. खर्च वाचवायला तोच गाळला, की घरमालक फिनेल ओतत बसतो. दाबाचं गणितही असंच. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. तीस मजली इमारतीत गच्चीवरची टाकी थेट जोडली, तर तळमजल्याच्या नळावर नऊ किलोच्या आसपास दाब येईल. म्हणून मध्ये दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवावे लागतात.

हे सगळं शिकवणारा आयटीआयचा प्लंबर ट्रेड एक वर्षाचा आहे आणि त्याला आठवी पास पुरते. नकाशा वाचणं, पाइप कापणं, पीपीआर पाइप सुमारे 260 अंशांवर वितळवून जोडणं, जोडलेली लाइन दाब देऊन तपासणं, बहुतेक वेळ हातानेच काम. उणीव एकच: कार्यशाळेची भिंत सरळ असते. साइटवर स्लॅब आधीच पडलेला असतो, वायरमनने आपली पाइपाची जागा बळकावलेली असते आणि टाइल्सवाला घाई करत असतो.

ही उणीव भरून काढायला शिकाऊ उमेदवारी आहे. 1961 च्या कायद्यानुसार, 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. त्यांना विद्यावेतन मिळतं, शेवटी परीक्षा होते आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र हाती येतं. 2016 मध्ये आलेल्या केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना 1500 रुपयांपर्यंत, सरकारने उचलण्याची तरतूद झाली. मेख वेगळीच आहे. बांधकामात प्लंबिंगचं काम बहुधा पाच-दहा माणसांच्या ठेकेदाराकडे जातं आणि चार ते 29 जणांच्या आस्थापनेला ही सक्ती लागू नाही, शिकाऊ घेणं तिच्या इच्छेवर आहे. जिथे खरं शिक्षण होऊ शकतं, तिथेच कायदा हात आखडतो.

अनुभव आहे पण कागद नाही, अशा कारागिरांसाठी पूर्वअनुभवाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. मोठ्या महापालिकांत नळजोडणीसाठी परवानाधारक प्लंबर लागतो, तेव्हा कागदाची किंमत कळते.

महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. प्लंबर ट्रेड सगळीकडे नाही, म्हणून ऑनलाइन अर्जात पसंतिक्रम भरण्याआधी जवळच्या संस्थेत चौकशी करावी. आणि छोट्या ठेकेदारांनी, सक्ती नसली तरी, निदान एक शिकाऊ मुलगा किंवा मुलगी रीतसर नोंदवून घ्यावी.