बाणकोट ते मांडवा : परतीचा शेवटचा दिवस

सुटीच्या दिवसांत दुकानाचा कारभार धाकट्या भावाच्या किंवा मुनीमजींच्या स्वाधीन करून श्रवणबेळगोळ, मूडबिद्री, धर्मस्थळ अशी यात्रा स्वतःच्या मोटारीने करणारी अनेक कुटुंबे आहेत. परतताना त्यांपैकी काही जण घाटमाथ्याचा हमरस्ता सोडून गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी असा किनाऱ्याचा मार्ग धरतात. आठ-दहा दिवसांच्या या प्रवासाचा अखेरचा दिवस रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर जातो. हा दिवस डोळ्यांना सर्वाधिक सुखावणारा असतो आणि सर्वांत जपून काढावा असाही असतो.

रत्नागिरी आणि रायगड यांच्या सीमेवर सावित्री नदीची बाणकोट खाडी आहे. वेसवी येथे मोटार फेरीबोटीवर चढवावी आणि पलीकडे बागमांडला येथे उतरवावी, की रायगडात प्रवेश झाला. पुढे हरिहरेश्वर आणि त्यानंतर श्रीवर्धन. व्यापाऱ्याला हे गाव रोठा सुपारीमुळे ठाऊक असते. पेशवे बाळाजी विश्वनाथ भट यांचे घराणेही येथलेच. दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या मागे टाकून दिघीला पोहोचले की राजपुरीची खाडी आडवी येते. दिघीहून आगरदांड्याला फेरीबोट मिळाली तर मुरूड जवळ आहे. न मिळाल्यास म्हसळ्याच्या बाजूने लांबचा वळसा घ्यावा लागतो. खाडीच्या मुखाशी सिद्दीचा जंजिरा उभा आहे. मराठ्यांना अखेरपर्यंत हाती न लागलेले ते संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले.

खाड्यांवर पूल बांधून रेवसपासून रेडीपर्यंत सलग सागरी महामार्ग व्हावा, ही कल्पना बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी हिरीरीने मांडली. ते सावित्रीकाठच्या आंबेतचे. १९८० ते १९८२ या काळात ते राज्याचे मुख्यमंत्री होते.

मुरूड, काशीद करीत कुंडलिकेच्या खाडीवरील पूल ओलांडला की रेवदंडा लागतो. येथे बहुतेक मोटारी न थांबता पुढे जातात. व्यापारी कुटुंबाने मात्र घटकाभर अवश्य थांबावे, कारण येथे एका परदेशी व्यापाऱ्याचे स्मारक आहे. रशियातील त्वेर या शहराचा अफानासी निकितिन पंधराव्या शतकात, १४६९ च्या सुमारास, शेजारच्या चौल बंदरात उतरला. वास्को द गामा कालिकतला आला त्याच्या सुमारे तीस वर्षे आधीची ही गोष्ट. व्होल्गा नदीवर त्याचा माल लुटला गेला होता. उरल्यासुरल्या भांडवलातून त्याने एक घोडा घेतला आणि तो विकण्याच्या आशेने समुद्र ओलांडला. जुन्नरला तेथील खानाने घोडा जप्त केला आणि धर्म बदलण्याची अट घातली. मोठ्या खटपटीनंतर घोडा सुटला व पुढे बिदरच्या मुलखात विकला गेला. आपल्या देशात खपेल असा माल येथे फारसा नाही, मिरी आणि रंग स्वस्त आहेत, पण जकात जबर आहे आणि समुद्रात चाचे पुष्कळ आहेत, अशी रोखठोक नोंद त्याने करून ठेवली आहे.

काही वर्षांनी तो दाभोळहून परत निघाला. होर्मुझ, इराण, त्रेबिझोंद, मग काळा समुद्र असे सगळे अवघड टप्पे त्याने पार केले. रशियाची भूमी दिसू लागली, आणि स्मोलेन्स्कला पोहोचण्यापूर्वीच त्याला मृत्यू आला. त्वेर तेथून काही दिवसांच्या वाटेवर होते. त्याच्या वह्या इतर व्यापाऱ्यांनी मॉस्कोला पोहोचवल्या. त्याच्या जीवनावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९५७ मध्ये ‘परदेसी’ हा चित्रपट काढला.

घर जवळ आले असताना घात होण्याच्या आठवणी या किनाऱ्यालाही आहेत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांत आषाढ अमावस्येसाठी गावी निघालेले अनेक जण होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ पुराने सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. अंधारात मुंबईकडे जाणाऱ्या एस. टी. च्या दोन बसगाड्या त्या पाण्यात पडल्या. बाणकोटला फेरीबोट ओलांडते ती हीच नदी.

तो पूर किंवा ते वादळ प्रवाशांच्या हाती नव्हते. पण शेवटच्या दिवशीची घाई आपल्या हाती असते. आठ दिवसांचा शीण अंगात साठलेला असतो. रस्ता ओळखीचा होत जातो तसे चालवणाऱ्याचे लक्ष सैल पडते. दुकानातून फोन येऊ लागतात. ज्या कुटुंबांत सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम आहे, तेथे दुपार कलली की मोटारीचा वेग नकळत वाढतो.

म्हणून या दिवसाचे वेळापत्रक उलट्या बाजूने मांडावे. सूर्यास्ताची वेळ धरून तासभर आधी भोजन कोठे होईल हे ठरवावे आणि त्यावरून सकाळी निघण्याची वेळ काढावी. दोन्ही फेरीबोटींच्या वेळा आदल्या रात्रीच विचाराव्यात. पावसाळी हवेत त्या बंद राहू शकतात, हेही गृहीत धरावे. घरात दोघांना मोटार येत असेल तर आळीपाळीने चालवावी. मुंबईकरांना मांडव्याहून भाऊच्या धक्क्यापर्यंत मोटारीसह नेणारी रो-रो सेवा मार्च २०२० पासून उपलब्ध आहे. तिच्यामुळे पेण-पनवेलची गर्दी टळते आणि चालकाला सुमारे तासाभराची विश्रांती मिळते. सुटीच्या काळात तिचे आरक्षण आधी करणे इष्ट.

एवढे करूनही चौलला पोहोचेपर्यंत दिवस मावळतीला आला, तर अलिबागेत मुक्काम करावा. दुकानात फोन करून उद्याचा दिवस सांभाळून घेण्यास सांगावे आणि सकाळच्या बोटीने निघावे.