रंगमंचाचा तोल

एकांकिकेच्या तालमीत ‘इथे एक कॉम्पोझिशन टाकू’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. मग संवाद थांबतात, सात-आठ जण धावत येतात, कुणी कुणाच्या खांद्यावर चढतं, लाल प्रकाश पडतो आणि टाळ्या वाजतात. दिसतं देखणं. पण त्या आकृतीवाचून नाटकाचं काही अडलं होतं का?

जाक लकॉक यांनी १९५६ साली पॅरिसमध्ये सुरू केलेल्या नाट्यशाळेत हा प्रश्न पहिल्या दिवसापासून पिच्छा पुरवतो. लकॉक मूळचे व्यायामशिक्षक. इटलीत आठ वर्षं राहून त्यांनी नाटकं केली. पादुआचे शिल्पकार आम्लेतो सार्तोरी यांच्यासोबत चामड्याच्या मुखवट्यांवर काम केलं. १९७६ मध्ये शाळा जिथे गेली ती जागाही एकेकाळी मुष्टियुद्धाच्या सामन्यांची.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा. सुरुवातीलाच चेहऱ्यावर चढतो तटस्थ मुखवटा. त्यावर ना हसू, ना दुःख, ना आठी. चेहरा झाकला की शरीराच्या खोडी उघड्या पडतात. एक खांदा कायम उतरलेला, हनुवटी उगाच पुढे, हात सारखा खिशाकडे. त्या खोडी भूमिकेच्या नसतात, नटाच्या असतात. त्या ओळखल्या की मग पाणी, आग, वारा, माती यांच्या हालचाली अंगात भिनवायच्या. लाट म्हणजे नुसते हात हलवणं नव्हे. ती तळव्यातून निघते आणि गुडघे, कंबर, छाती अशी चढत डोक्यापर्यंत जाते.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो तोलाचा सराव. जमिनीवर एक चौकोन आखायचा आणि तो मधोमध एका टोकावर तोललेली थाळी आहे असं मानायचं. एक जण मध्यभागी उभा राहतो. तो डावीकडे सरकला की थाळी कलते. लगेच दुसऱ्याने आत येऊन समोरच्या बाजूने ती सावरायची. मग तिसरा, चौथा. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. थोड्या वेळाने एका बाजूला अख्खा जमाव आणि दुसऱ्या टोकाला एकटा माणूस अशी स्थिती येते. कुणीही न ठरवता तिथे नाट्य उभं राहतं, ग्रीक शोकांतिकेतल्या कोरससमोर नायक उभा ठाकावा तसं.

शिवाय दर आठवड्याला विद्यार्थ्यांनी शिक्षकांविना, गटाने काहीतरी रचून सर्वांसमोर सादर करायचं. भांडणं होतातच. पण त्यातूनच नट लेखकही होतो. दिग्दर्शक आरियान मनुष्किन आणि सायमन मॅकबर्नी याच शाळेत शिकलेले, आणि मॅकबर्नींनी पुढे स्वतःची नाटकमंडळी उभी केली हे मला योगायोगाचं वाटत नाही.

आपल्याकडेही पॅरिसला न जाता नटांच्या शरीरांतून असं नाट्य उभं केलेलं आहे. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मधली माणसांची भिंत आठवा. प्रेक्षकांकडे तोंड केलं की ती गाणारी रांग, पाठ फिरवली की आडपडदा. ती काढली तर नाटकच कोसळेल. स्पर्धांमधली बहुतेक कॉम्पोझिशन्स मात्र काढून टाकली तर वेळ तेवढा वाचेल.

खडूने आखलेला चौकोन, पाच-सहा जण आणि बाहेर बसून ‘तोल गेला’ असं सांगणारा एक, एवढ्यावर तोलाचा हा सराव कॉलेजच्या कुठल्याही हॉलमध्ये होतो. यंदा संहिता हातात पडण्याआधी महिनाभर तो करून बघा.