मुकुंदराव जयकर : राजकारणातील मध्यस्थ न्यायमूर्ती

केडगाव-शिरूर परिसरातील महाविद्यालये ज्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी (पूर्वीच्या पुणे विद्यापीठाशी) संलग्न आहेत, त्याचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर (१८७३–१९५९) हे मुत्सद्दी तर होतेच, शिवाय न्यायाधीश म्हणून ब्रिटिश साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत पोहोचले. तरीही महाराष्ट्रात आज त्यांच्या कार्याची फारशी चर्चा होत नाही. मुंबईच्या पाठारे प्रभू समाजात जन्मलेले जयकर १९०५ मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले, आणि जालियनवाला बाग हत्याकांडाच्या चौकशीसाठी काँग्रेसने नेमलेल्या समितीत गांधीजी, चित्तरंजन दास व अब्बास तय्यबजी यांच्यासह त्यांनी काम केले.

कायदेमंडळात शिरून सरकारची अडवणूक करावी, या स्वराज्य पक्षाच्या धोरणाने ते मुंबई कायदेमंडळात गेले. परंतु निव्वळ अडवणुकीतून काही साधत नाही असे वाटल्याने न. चिं. केळकर व डॉ. मुंजे यांच्याबरोबर त्यांनी प्रतियोगी सहकाराचा, म्हणजे सरकार जेथे लोकहित साधील तेथे साथ आणि एरवी विरोध करण्याचा, मार्ग धरला. पुढे त्यांच्या अध्यक्षतेखालील रस्तेविकास समितीने पेट्रोलवर जादा कर बसवून तो केवळ रस्त्यांसाठी राखावा अशी शिफारस केली आणि त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. चौफुल्यावरून पुणे-सोलापूर रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

त्यांचा खरा पिंड मात्र मध्यस्थाचा होता. १९३० मध्ये सर तेजबहादूर सप्रू यांच्यासह त्यांनी येरवड्याच्या तुरुंगातील गांधीजी, नैनीच्या तुरुंगातील नेहरू पितापुत्र आणि व्हाइसरॉय आयर्विन यांच्यात बोलणी चालवली. ती फिसकटली, पण पुढल्या वर्षीच्या गांधी-आयर्विन कराराची वाट त्यांनीच मोकळी केली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. दलितांच्या राखीव जागांविषयीच्या २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावरही सप्रू व जयकर या दोघांच्या सह्या आहेत.

१९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार केंद्र व प्रांत यांच्यातील तंटे सोडवण्यासाठी स्थापन झालेल्या संघ न्यायालयाचे जयकर १९३७ मध्ये पहिल्या तीन न्यायाधीशांपैकी एक झाले, आणि १९३९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर गेले. ही साम्राज्यातील अखेरची अपिले ऐकणारी समिती असल्याने कॅनडाचे केंद्र सरकार व तिथले प्रांत यांच्यातील अधिकारांचे वादही १९४९ पर्यंत तिच्याचपुढे जात.

संविधान सभेत १६ डिसेंबर १९४६ रोजी त्यांनी मुस्लिम लीग व संस्थाने येईपर्यंत संविधानाची ध्येये सांगणारा उद्दिष्टांचा ठराव लांबणीवर टाकावा अशी सूचना मांडली. सभागृहाला ती रुचली नाही, मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात तिला पाठिंबा दिला. ठराव जानेवारीत मंजूर झाला. पुढे जयकरांनी सभेच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला, आणि फाळणीमुळे बंगालमधील जागा गमावलेले आंबेडकर जयकरांच्याच रिकाम्या जागेवर मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून आले. आंबेडकरांना संविधान सभेत परतता आल्याने संविधानाच्या इतिहासात जयकरांच्या कोणत्याही भाषणापेक्षा हा राजीनामा अधिक मोलाचा ठरला.

महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे की नाही, हे तपासणाऱ्या समितीचेही ते अध्यक्ष होते. त्यामुळे १९४८ मध्ये पुण्याचे कुलगुरुपद त्यांच्याकडे येणे स्वाभाविक होते आणि ते त्यांनी १९५६ पर्यंत सांभाळले. गणेशखिंडीतील विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचेच नाव आहे.