बाळाची मान धरली म्हणून तेल चोळण्याआधी

सिल्लोडच्या आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या आई-आज्यांसाठी आजचा विषय आहे : तान्ह्या बाळाच्या घशातला खोलवरचा संसर्ग.

समजा, आठ महिन्यांचं बाळ आहे. चार दिवस सर्दी, मग ताप. दूध ओढत नाही, लाळ गळते, मान एका बाजूला वाकडी. घरात म्हणतात, "झोपेत मान धरली असेल." तेल लावून चोळतात. आम्ही डॉक्टर मात्र इथेच सावध होतो. दात येतानाही लाळ गळते, पण ते बाळ दूध पितं, मान फिरवतं. हा फरक लक्षात ठेवा.

घशाच्या मागे आणि मणक्याच्या पुढे एक अरुंद जागा असते. लहान मुलांत तिथे लसिका ग्रंथी असतात. साधारण चार-पाच वर्षांनंतर त्या आक्रसतात. सर्दीचे जंतू तिथे पोचले तर पू साठू शकतो. टॉन्सिल ठीक दिसतात, म्हणून निदान हुकतं.

तपासणीत आम्ही मानेचा बाजूने एक्स-रे काढतो. दुसऱ्या मणक्यासमोरची जागा ७ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तर शंका येते. पण बाळ रडत असेल किंवा मान पुढे झुकली असेल, तर सूज नसतानाही ती रुंद दिसते. मग सीटी स्कॅन करून पू आहे की नुसती सूज, ते पाहतात. श्वास घरघरत असेल तर मात्र आधी श्वासाची सोय, स्कॅन नंतर.

उपचार म्हणजे भरती करून शिरेतून प्रतिजैविकं. गळू लहान असेल, तर एक-दोन दिवसांत बरीच बाळं सुधारतात. नाही सुधारली, किंवा गळू मोठं असेल, तर भूल देऊन तोंडातूनच चिरा देतात. तेव्हा डोकं खाली ठेवतात, म्हणजे पू फुप्फुसात जात नाही.

म्हणूनच हात जोडून सांगतो, घशात बोट घालून पडजीभ दाबू नका. गळू फुटलं तर पू श्वासनळीत जाईल.

सिल्लोडहून संभाजीनगरचं घाटी रुग्णालय सुमारे ६५ किलोमीटर. श्वासाला आवाज येत असेल तर १०८ ला फोन करा. बाळाला जबरदस्तीने आडवं करू नका. आईच्या मांडीवर, त्याला बरं वाटेल तसं बसू द्या. रात्र सरायची वाट पाहू नका.