एकशे एकोणतीस डॉलरची खोली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी आयुष्यभर बँकेत आकडे जुळवले. निवृत्त झाल्यावर मुलाकडे अमेरिकेला गेलो आणि पहिल्याच हॉटेलात हिशेब चुकला. २०१८ साली, ऑक्टोबर महिन्यात. मुलाला रजा नव्हती, म्हणून आम्ही दोघंच चार दिवस शिकागो बघायला निघालो. इंटरनेटवर एकशे एकोणतीस डॉलरची खोली दिसली. तीन रात्री, म्हणजे तीनशे सत्त्याऐंशी. प्रवासासाठी बँकेतून जे फॉरेक्स कार्ड घेतलं होतं, त्यावर नऊशे डॉलर होते. म्हटलं, आरामात होईल.

काउंटरवरची मुलगी हसतमुख होती. तिनं सांगितलं, खोलीच्या भाड्यावर रोजची वीस डॉलर सुविधा फी. आणि या सगळ्यावर शहराचा आणि राज्याचा मिळून सव्वासतरा टक्क्यांहून अधिक कर. एकशे एकोणतीसची खोली पावणेदोनशेला पडली. एवढ्यावर थांबलं नाही. कार्डावर रोजचे पन्नास डॉलर अनामत म्हणून अडवून ठेवले. तीन रात्रींचे मिळून पावणेसातशे डॉलर गेले किंवा गोठले. अनोळखी शहरात, दोघांचं चार दिवसांचं जेवण आणि आगगाडीचं भाडं यासाठी सव्वादोनशे उरले. बायको म्हणाली, 'तुम्ही बँकेत होतात ना?' अनामतीचे पैसे मोकळे व्हायला तीन आठवडे लागले. तोवर आम्ही घरी परतलो होतो.

त्यानंतर मी हा विषय परीक्षेला बसल्यासारखा अभ्यासला. त्यातून जे हाती आलं, ते आज सांगतो.

पहिली गोष्ट, अमेरिकेत हॉटेलच्या खोलीला ठरलेला दर नसतो. आपल्याकडे लॉजच्या काउंटरमागे दरपत्रक टांगलेलं असतं, त्याची आपल्याला सवय. तिथे त्याच खोलीचा दर मंगळवारी एक, शनिवारी दुसरा आणि पुढच्या महिन्यात तिसराच. याचं मूळ विमान कंपन्यांत आहे. १९७८ साली अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं. मग कंपन्यांनी मागणी पाहून रोज भाडं बदलायला सुरुवात केली. ऐंशीच्या दशकात मॅरियटसारख्या हॉटेल कंपन्यांनी ती युक्ती उचलली. कारण दोघांचा माल एकाच जातीचा. रिकामं गेलेलं आसन आणि रिकामी गेलेली रात्र दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. भाजीवाला संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी अर्ध्या किमतीत देतो, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून स्वस्त हॉटेल कुठलं, यापेक्षा ते केव्हा स्वस्त असतं, हा प्रश्न आधी विचारावा. न्यूयॉर्कमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत दर तळाला असतात आणि सप्टेंबरपासून नाताळपर्यंत चढतात. वॉशिंग्टनमध्ये मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला चेरीची झाडं फुलतात, तेव्हा खोली मिळणं कठीण. तेच ऑगस्टमध्ये काँग्रेसला सुट्टी असते, राजकारणी आणि त्यांच्या मागचे लोक गावी जातात आणि दर उतरतात. उकाडा मात्र सोसावा लागतो, पण आपल्याला त्याचं काय! न्यू ऑर्लिन्सला मार्डी ग्रा उत्सवात जाऊ नये. बॉस्टनला मे महिन्यात विद्यापीठांचे पदवीदान समारंभ असतात. मुलामुलींच्या समारंभाला जाणाऱ्या आपल्या मंडळींना हे टाळता येत नाही. त्यांनी तारीख कळताक्षणी खोली धरावी, अगदी सहा-आठ महिने आधी.

वाराचंही गणित आहे. जिथे कचेऱ्या जास्त, तिथे सोमवार ते गुरुवार धंदेवाईक प्रवाशांची गर्दी आणि शनिवार-रविवार शुकशुकाट. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीट परिसरात शनिवार-रविवारी चांगली हॉटेलं बरीच स्वस्त मिळतात. लास व्हेगासला नेमकं उलट. शुक्रवारी-शनिवारी लोक जुगार आणि गाणी-नाच यांसाठी येतात. त्यामुळे रविवार ते गुरुवार तेच भव्य हॉटेल निम्म्या भावात मिळू शकतं. मात्र त्या आठवड्यात एखादं मोठं व्यापारी प्रदर्शन नाही ना, हे आधी पाहावं.

दुसरा प्रश्न, कुठे राहायचं? शहराच्या मधोमध राहिलं की भाडं जास्त. दूर राहिलं की भाडं कमी, पण जाण्यायेण्यात दिवस जातो. यातला मधला मार्ग म्हणजे आगगाडीचा मार्ग. नकाशावर आधी लोकल किंवा मेट्रोची रेघ शोधायची आणि मग तिच्या स्थानकापासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर हॉटेल पाहायचं. मुंबईकरांना हे शिकवायला नको. न्यूयॉर्कसाठी नदीपलीकडचं जर्सी सिटी किंवा क्वीन्समधलं लाँग आयलंड सिटी. जर्सी सिटीहून पाथ नावाची गाडी रात्रंदिवस मॅनहॅटनला जाते. तिच्या जर्नल स्क्वेअर स्थानकाजवळ नेवार्क अॅव्हेन्यूवर भारतीय दुकानांची आणि खानावळींची रांगच आहे, म्हणजे संध्याकाळच्या जेवणाचा प्रश्न सुटला. वॉशिंग्टनसाठी पोटोमॅक नदीपलीकडचं आर्लिंग्टन. शिकागोसाठी ओहेअर विमानतळाशेजारचं रोझमाँट. तिथून निळ्या मार्गाची गाडी सरळ शहरात जाते आणि तीही चोवीस तास.

मात्र एक सावधगिरी. महामार्गावरचं मोटेल नकाशावर शहराला खेटून दिसतं आणि स्वस्तही असतं. पण गाडी नसेल तर ते बेट समजा. जेवायचं दुकान अर्ध्या मैलावर असतं, पण मध्ये आठ पदरी रस्ता आणि पदपथाचा पत्ता नाही. आणि गाडी असेल, तर उलटा घोळ होतो. मोठ्या शहरांच्या मध्यभागी हॉटेलात एका रात्रीच्या पार्किंगला पन्नास-साठ डॉलर सहज लागतात. गाडीवाल्यांनी बाहेर राहावं, बिनगाडीवाल्यांनी स्थानकाजवळ, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

आता हॉटेलांच्या जाती. तिथे तारे सरकार देत नाही, त्यामुळे त्यांवर फार विसंबू नये. आपल्या कामाच्या जाती तीन. पहिली मोटेल. हा शब्दच मोटर आणि हॉटेल मिळून झाला, १९२५ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस ओबिस्पो गावी. १९६२ मध्ये सांता बार्बराला मोटेल सिक्स सुरू झालं, ते एका रात्रीचे सहा डॉलर घेई म्हणून त्याचं नाव तसं. गंमत म्हणजे २०२४ साली ही साखळी आपल्याकडच्या ओयोच्या कंपनीनं बावन्न कोटी पन्नास लाख डॉलरला विकत घेतली. एरवीही मोटेलच्या काउंटरमागे गुजराती बोलणारं कुटुंब भेटण्याचा संभव बराच. भारतीय वंशाच्या हॉटेलमालकांनी १९८९ मध्ये स्थापन केलेली संघटना सांगते, की देशातली सुमारे साठ टक्के हॉटेलं तिच्या सदस्यांच्या मालकीची आहेत. जवळपास शाकाहारी जेवण कुठे मिळेल, हे त्यांच्याइतकं नेमकं कोण सांगणार?

दुसरी जात मध्यम हॉटेलांची. यांत रेस्टॉरंट नाही, सामान उचलायला पोऱ्या नाही, पण खोली स्वच्छ आणि सकाळचा नाश्ता भाड्यात धरलेला. हॅम्प्टन, हॉलिडे इन एक्स्प्रेस, कम्फर्ट ही त्यातली नावं. हॉलिडे इनची कथा ऐकण्यासारखी आहे. १९५१ साली मेम्फिसचे केमन्स विल्सन बायको आणि पाच मुलांना घेऊन वॉशिंग्टनच्या सहलीला निघाले. वाटेतली मोटेलं प्रत्येक मुलामागे दोन डॉलर जादा मागत. विल्सन वैतागले आणि पुढच्या वर्षी त्यांनी मेम्फिसला स्वतःचं हॉटेल काढलं, मुलांना फुकट. त्यामुळे आजही बहुतेक साखळी हॉटेलांत आईवडिलांच्या खोलीत राहणाऱ्या मुलांचे वेगळे पैसे पडत नाहीत. भाडं खोलीचं असतं, माणशी नसतं. दोन मोठ्या पलंगांच्या खोलीत चौघांचं कुटुंब सहज मावतं. पाचवं माणूस मात्र न सांगता घुसवू नये. आगीच्या नियमांमुळे खोलीत किती जण, हे ठरलेलं असतं आणि रात्री अकराला दुसरी खोली घ्यायची वेळ आली तर ती मिळेल त्या भावात घ्यावी लागते.

तिसरी जात स्वयंपाकघरवाल्या हॉटेलांची. रेसिडेन्स इन, होमवुड स्वीट्स, एक्स्टेंडेड स्टे अमेरिका अशी त्यांची नावं. शेगडी, फ्रीज, भांडी सगळं खोलीत. भाडं थोडं जास्त वाटतं, पण चौघांचं बाहेरचं जेवण साठ-सत्तर डॉलरच्या खाली क्वचितच होतं. रोज एक वेळ खिचडी-कढी केली तरी फरक भरून निघतो. पथ्याचं खाणाऱ्या वडीलधाऱ्यांची सोय होते, ती वेगळीच. फक्त फोडणी बेतानं द्या. धुराची घंटा वाजली की सगळा मजला जागा होतो.

तरुण मंडळींसाठी होस्टेलिंग इंटरनॅशनलची वसतिगृहं आहेत, तिथे खोलीऐवजी पलंग भाड्यानं मिळतो. घरगुती खोल्यांचा पर्यायही आहे, पण न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून नियम कडक आहेत. तीस दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी घरमालक स्वतः त्याच घरात राहत असला पाहिजे, त्याची नोंदणी हवी आणि पाहुणे दोनच. कोणी अख्खं घर चार रात्रींसाठी स्वस्तात देऊ करत असेल, तर पैसे भरण्यापूर्वी थांबा.

आता खोली धरायची कशी? माझी पद्धत सांगतो. आधी रद्द करता येईल असा दर घ्यायचा. बहुतेक ठिकाणी मुक्कामाच्या एक-दोन दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर पैसे लागत नाहीत. मग दर आठवड्याला किंमत पाहायची. उतरली, तर नव्या दरानं खोली धरून जुनी सोडायची. आगाऊ पैसे भरून न परतणारा दर दहा-पंधरा टक्के स्वस्त दिसतो, पण व्हिसा हातात नसताना किंवा तब्येतीची खात्री नसताना तो घेणं म्हणजे जुगार. हॉटवायर आणि प्राइसलाइन या कंपन्या नाव झाकलेलं हॉटेलही विकतात. भाग आणि दर्जा कळतो, नाव पैसे भरल्यावर. न खपलेल्या खोल्या हॉटेलं अशी गुपचूप विकतात, कारण उघड भाव पाडला तर नेहमीचं गिऱ्हाईक नाराज होतं. सवलत बरी मिळते, पण पैसे परत नाहीत आणि पलंग दोन मिळतील याचा भरवसा नाही. दोघांना ठीक, कुटुंबाला नको. ज्येष्ठांनी हॉटेलला थेट विचारावं, बऱ्याच साखळ्यांत त्यांच्यासाठी वेगळा दर असतो. मोठ्या संमेलनाला जाणार असाल, तर आयोजकांनी राखून ठेवलेल्या खोल्यांचा दर आधी पाहा. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांना जाणाऱ्यांना हे माहीत असेल.

आणि तुलना नेहमी शेवटच्या आकड्याची करावी. मला जी सुविधा फी काउंटरवर कळली, ती आता लपवता येत नाही. मे २०२५ पासून केंद्र सरकारच्या नियमानुसार हॉटेलांना अशी सक्तीची फी धरूनच जाहिरातीतला दर दाखवावा लागतो. पण सरकारी कर अजूनही वेगळा दाखवता येतो, आणि तो लहान नाही. न्यूयॉर्क शहरात तो पावणेपंधरा टक्के, शिवाय रात्रीमागे साडेतीन डॉलर. म्हणजे दोनशे डॉलरच्या खोलीला तेहेतीस डॉलर कर. तीन रात्रींचे नव्याण्णव. पार्किंग आणि नाश्ता हे पुन्हा वेगळे. मी प्रत्येक हॉटेलसाठी वहीत एक ओळ आखतो. त्यात भाडं, फी, कर, पार्किंग, नाश्ता, शहरात जायचा खर्च आणि बेरीज. पहिल्या रकान्यात स्वस्त असलेलं हॉटेल शेवटच्या रकान्यात क्वचितच स्वस्त राहतं.

काउंटरवर अनामतीसाठी शक्यतो क्रेडिट कार्ड द्या. त्यात फक्त मर्यादा अडते, तुमचे रोजचे पैसे नाही. फॉरेक्स कार्ड खर्चासाठी मोकळं ठेवा. रात्री उशिरा पोहोचणार असाल तर फोन करून कळवा, नाहीतर खोली दुसऱ्याला जाऊ शकते. खोली साधारण दुपारी तीनला मिळते, पण सामान आधी ठेवू देतात. पहिला मजला म्हणजे तिथे आपला तळमजला. खोलीत गेल्यावर गादीची शिवण उचलून ढेकूण नाहीत ना पाहावं, आणि असले तर सामान न उघडता खाली यावं. निघताना खोली आवरणाऱ्या बाईसाठी रात्रीमागे दोन ते पाच डॉलर ठेवण्याची रीत आहे. ते टाळून बचत करू नये.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये आम्ही वॉशिंग्टनला गेलो. आर्लिंग्टनला मेट्रो स्थानकासमोर राहिलो, सकाळचा नाश्ता हॉटेलातच. उकाडा सांगलीसारखाच होता. निघायच्या दिवशी बायकोनं माझ्या आधी बिल हातात घेतलं, माझ्या वहीतला आकडा काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. फरक निघाला नाही. 'आता खरे बँकेतले वाटता,' ती म्हणाली.